जुन्या शिरगणतीत आपली माणसं शोधायची कशी

वंशावळ करायला बसलं की पणजोबांपर्यंत गाडी बरी चालते. घरात कोणीतरी सांगणारं असतं, एखादा फोटो असतो, त्याच्या मागे तारीख असते. त्याच्याही मागे गेलं की सगळं 'म्हणे'वर येतं. म्हणे ते बोटीने आले, म्हणे पाच भाऊ होते, म्हणे त्यातला एक भांडून निघून गेला तो परत आलाच नाही. हे 'म्हणे' तपासायला जुनी शिरगणती म्हणजे सेन्सस याच्यासारखी जागा नाही, कारण जन्माच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत माणूस एकटा येतो आणि शिरगणतीत अख्खं घर एका पानावर येतं, सासूसकट, भाडेकरूसकट.

मराठीत याला दोन जुने शब्द आहेत, शिरगणती आणि खानेसुमारी. पहिल्यात डोकी मोजायची, दुसऱ्यात घरं. मी सुरुवातीला डोकी शोधायचो, म्हणजे सर्चच्या चौकटीत नाव टाकायचं, एंटर मारायचं, हजारो रिझल्ट आले की पहिली दोन पानं बघायची आणि वैतागून लॅपटॉप बंद करायचा. घर शोधायला लागलो तेव्हा कुठे काहीतरी हाताला लागायला लागलं.

सर्वात आधी देश बघा. तुमची माणसं जिथे होती तिथे नावानिशी कागद उरलेत का हा एक प्रश्न आणि ते बघायला खुले आहेत का हा दुसरा, आणि दोन्हीची उत्तरं दर देशात वेगळी. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि नावांचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात, १९५० चे १ एप्रिल २०२२ ला झाले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०० वर्षं थांबायचं, तिथे कामाचं मटेरियल १८४१ पासून १९२१ पर्यंत. कॅनडात ९२ वर्षं, त्यामुळे १९३१ ची २०२३ मध्ये आली. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची पूर्ण शिरगणती तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहे. नॉर्वेचं बरंचसं डिजिटलआर्किव्हेट या सरकारी साइटवर, तेही फुकट. फ्रान्समध्ये १८३६ पासून साधारण दर पाच वर्षांनी गावागावाच्या नावांच्या याद्या झाल्या, त्या त्या त्या विभागाच्या अभिलेखागाराकडे असतात, पण तिथे नावाने सर्च मिळेलच असं धरून चालू नका, बऱ्याचदा गाव निवडायचं आणि एकेक पान उलटत बसायचं. आइसलंडचं तर कौतुकच करावं, १७०३ मध्ये त्यांनी अख्खा देश नावानिशी मोजला, ५०,३५८ माणसं, आणि ते कागद अजून आहेत.

आणि काय नाहीये तेही आधीच माहीत करून घ्या, नाहीतर नसलेली गोष्ट शोधण्यात महिने जातात. अमेरिकेची १८९० ची शिरगणती जवळपास सगळी गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, काही जळलं, काही विझवायच्या पाण्याने भिजलं, आणि जे उरलं ते पुढे सरकारनेच नष्ट केलं. आता जेमतेम सहा हजार नावं शिल्लक आहेत. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची १९४२ च्या आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. आयर्लंडचं नशीब त्याहून फुटकं, १८२१ ते १८५१ चं बहुतेक सगळं १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागाराबरोबर गेलं, १८६१ आणि ७१ चं सरकारने आधीच नष्ट केलं होतं, आणि १८८१ आणि ९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धात लगदा केला. त्यामुळे कोणी सांगितलं की आयर्लंडची १८८१ ची नोंद सापडली तर विचारा की बाबा कुठल्या देशातली.

साइटचं म्हणाल तर पहिली फॅमिलीसर्च, फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागतं. मग अँसेस्ट्री, फाइंडमायपास्ट, मायहेरिटेज या पैसे घेणाऱ्या. स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्सपीपल, तिथे पानागणिक क्रेडिट विकत घ्यायचे. पैसे भरायच्या आधी जवळच्या सार्वजनिक लायब्ररीत विचारा, बऱ्याच लायब्रऱ्यांकडे यातल्या एखाद्या साइटचं सबस्क्रिप्शन असतं आणि तिथे बसून फुकट वापरता येतं. आणि एक, एकाच शिरगणतीचा इंडेक्स (म्हणजे सर्च चालतो ती नावांची यादी) वेगवेगळ्या साइटवर वेगवेगळ्या लोकांनी वाचून टाइप केलेला असू शकतो, त्यामुळे एकीवर जे नाव सापडत नाही ते दुसरीवर पटकन सापडतं. हे मला खूप उशिरा कळलं.

आता तयारी. एका कागदावर पणजोबांचं नाव लिहून थांबू नका. त्यांची बायको, तिचं माहेरचं नाव माहीत असेल तर ते, मुलं सगळी, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, साधारण कोण कधीचं, कुठल्या गावात किंवा शहराच्या कुठल्या भागात राहायचे, काम काय करायचे. भावंडांची नावं तर हवीतच. जॉन नावाचा ३५ वर्षांचा सुतार शेकड्याने मिळेल, पण जॉन, बायको मेरी, मुलं एलन, पॅट्रिक आणि बार्थोलोम्यू असं घर त्या परगण्यात (काउंटीत) एखादंच असणार.

मग अलीकडून मागे जायचं. सर्वात नवीन खुली शिरगणती घ्या, तिच्यात ज्यांना तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी पाहिलंय असं माणूस शोधा, आणि तिथून दहा-दहा वर्षं मागे. उलटं करायचा मोह फार होतो, म्हणजे १८५० मध्ये आपल्या आडनावाचा कोणीतरी भारी माणूस शोधायचा आणि मग त्याला खाली आपल्यापर्यंत ओढत आणायचा. असं करून लोकांनी दुसऱ्यांचे पूर्वज आपले म्हणून लावलेली झाडं ऑनलाइन ढिगाने पडलीत, ती बघून आपलं झाड करू नका.

आता सापडत नाही तेव्हा काय करायचं, खरा खेळ इथेच आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या सासरचं घराणं न्यूयॉर्क राज्यातलं, मूळचं जर्मन. १९३० मध्ये सापडले, १९२० मध्ये सापडले, १९१० मध्ये गायब. आम्ही दोन संध्याकाळ आडनावाची स्पेलिंगं फिरवत बसलो, के ऐवजी सी, एक एन ऐवजी दोन, शेवटचा ई काढून, काही नाही. शेवटी चिडून आडनावच काढून टाकलं. फक्त आईचं पहिलं नाव, जन्म जर्मनी, वय अंदाजे, परगणा, आणि घरात ऑगस्टा नावाची मुलगी. अकरा रिझल्ट आले आणि चौथं घर आमचं. इंडेक्स करणाऱ्याने आडनावातला पहिला के हा आर वाचला होता, आणि पान उघडून बघितलं तर त्याची चूक नाहीच, गणती करणाऱ्या कारकुनाने तो तसाच काढला होता.

तर आडनाव काढून बघणं हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे तारा आणि प्रश्नचिन्ह, बऱ्याच साइटवर * टाकलं की तिथे कितीही अक्षरं चालतात आणि ? टाकलं की एकच अक्षर बदलतं. तिसरा साउंडेक्स. ही उच्चारावरून नावं एकत्र ठेवायची जुनी पद्धत आहे, पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर सोडून द्यायचे. स्मिथचा कोड एस-५३०, आणि गंमत म्हणजे श्मिट या जर्मन आडनावाचाही एस-५३०, म्हणजे श्मिटचा स्मिथ करून घेतला असेल तरी दोन्ही एकाच खणात सापडतात. पण पहिलंच अक्षर चुकलं असेल तर साउंडेक्स काही कामाचा नाही, आमच्या के आणि आर सारखं.

चौथा उपाय पत्त्याचा, आणि हा माझा आवडता. शहरातला पत्ता माहीत असेल (जुनं पाकीट, लग्नाचा दाखला, शहराची जुनी डिरेक्टरी, कुठूनही) तर नाव विसरा. अमेरिकेत प्रत्येक गणती करणाऱ्याला एक विभाग वाटून दिलेला असायचा, त्याला नंबर असतो, आणि पत्त्यावरून तो नंबर काढून द्यायची सोय स्टीव्ह मॉर्स यांच्या वन-स्टेप साइटवर फुकट आहे. नंबर मिळाला की त्या विभागाची पानं उघडायची आणि रस्त्याच्या नावावरून सरकत जायचं. रस्त्याचं नाव पानाच्या कडेला उभं लिहिलेलं असतं, मान वाकडी करून वाचावं लागतं. अर्धा तास लागतो, पण कोणाच्या टायपिंगच्या चुकीवर अवलंबून राहावं लागत नाही.

घर सापडलं की लोक काय करतात, इंडेक्समधलं नाव आणि वय कॉपी करतात आणि पुढे जातात. असं करू नका, मूळ पानाचा स्कॅन उघडा. इंडेक्समध्ये बहुधा सगळे रकाने नसतातच. त्या १९१० च्या पानावर मैत्रिणीच्या घराच्या ओळीत नवरा, बायको, चार मुलं, आणि नवऱ्याची सासू, वय ६८. सासूचं आडनाव वेगळं, म्हणजे बायकोचं माहेर एका ओळीत मिळालं (सासूने दुसरं लग्न केलेलं नसेल तर, हे लक्षात ठेवायचं). आणि बायकोच्या नावासमोर दोन बारीक आकडे, ७ आणि ४. १९०० आणि १९१० च्या अमेरिकन शिरगणतीत बायकांना विचारायचे की किती मुलं झाली आणि त्यातली हयात किती. सात झाली, चार उरली. घरात सगळ्यांना चारच माहीत होती. मग आम्ही न्यूयॉर्क राज्याची स्वतःची १९०५ ची शिरगणती उघडली, तिच्यात एक दोन वर्षांचा मुलगा होता जो १९१० मध्ये नाही. त्याचं नाव आमच्या हाती लागलं, बाकी दोघांची अजून नाही.

ही राज्यांची वेगळी शिरगणती लोक विसरतात. न्यूयॉर्कने १८९२, १९०५, १९१५, १९२५ अशी घेतली, त्यातली १८९२ ची त्या जळालेल्या १८९० च्या खड्ड्यात थोडी भर घालते. आयोवाच्या १९२५ च्या गणतीत तर आईवडिलांची नावं आहेत, आईच्या माहेरच्या आडनावासकट, हे म्हणजे घबाडच. इंग्लंड-वेल्सचा १९३१ चा खड्डा भरायला १९३९ चं रजिस्टर आहे, युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबरला घेतलेलं, त्यात जन्मतारीखही मिळते, फक्त हयात असू शकतील अशा लोकांच्या ओळी झाकलेल्या असतात.

कुठल्या वर्षी काय विचारलं हे एकदा बघून ठेवलं तर अपेक्षाभंग होत नाही. अमेरिकेत १७९० ते १८४० फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येकाचं नाव, पण ते फक्त स्वतंत्र माणसांचं. गुलाम म्हणून ठेवलेल्या लोकांची १८५० आणि १८६० मध्ये वेगळी यादी, मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग, नाव बहुतेक कुठेच नाही. त्यातल्या बहुतेकांचं नाव शिरगणतीत पहिल्यांदा येतं ते १८७० मध्ये, आणि म्हणून आफ्रिकन-अमेरिकन घराण्यांचा शोध घेणारे १८७० ला भिंत म्हणतात. प्रमुखाशी नातं काय हा रकाना १८८० पासून. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि वर्ष मिळतं. १९०० ते १९३० देशात कधी आला ते वर्ष मिळतं, आणि नागरिकत्वाच्या रकान्यात एनए म्हणजे नागरिक झाला, पीए म्हणजे अर्ज घातलाय, एएल म्हणजे परदेशीच. एनए दिसलं तर नागरिकत्वाची फाइल कुठल्यातरी कोर्टात असणार, ती शोधा. १९३० मध्ये तर घरात रेडिओ आहे का हेसुद्धा विचारलंय.

इंग्लंडमध्ये १८४१ जरा फसवी आहे. १५ च्या पुढच्या माणसांचं वय बहुतेक पाचच्या पटीत खाली आणून लिहिलं, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ म्हणून दिसतो, आणि नातं लिहिलेलंच नाही, त्यामुळे एका घरातली तरुण बाई बायको की बहीण की सून हे तिथून ठरवता येत नाही. घर संपलं हे दाखवायला तिरप्या रेघा आहेत, एक रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन म्हणजे इमारत संपली. या रेघा न बघता शेजाऱ्याची पोरं आपल्या घरात जोडलेली मी पाहिलीत. १८५१ पासून नातं आणि जन्मगाव मिळतं. १९११ पासून मात्र घरच्यांनी स्वतः भरलेला फॉर्म मिळतो, म्हणजे पणजोबांचं अक्षर. त्याच वर्षी मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी शिरगणतीवर बहिष्कार टाकला होता, काहींनी फॉर्मवर निषेध लिहिला, काही त्या रात्री घराबाहेर राहिल्या. एमिली डेव्हिसन २ एप्रिलच्या रात्री संसदेतल्या एका कपाटात लपून बसली आणि शेवटी तिची नोंद दोन ठिकाणी झाली, संसदेत आणि राहत्या घरी. तेव्हा १९११ मध्ये आजी सापडत नसेल तर हेही एक कारण असू शकतं.

लोक खोटं बोलतात का? बोलतात, आणि चुकतातही. दारात कारकून उभा, उत्तर कोणी दिलं हे बहुतेक वेळा कळतच नाही, शेजारणीनेही दिलं असेल. १९४० च्या अमेरिकन पानावर मात्र उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली काढायची होती, ती शोधून बघा, सासऱ्याची माहिती सुनेने दिली असेल तर जन्मगाव चुकलेलं असू शकतं. वयाचं सर्वात मजेशीर उदाहरण आयर्लंडचं. १९०१ मध्ये ५६ वर्षांची बाई १९११ मध्ये ७० ची होते. कारण मधल्या काळात, १९०९ पासून, ७० वर्षांवरच्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं. म्हणून वयात पाच वर्षं इकडेतिकडे झाली म्हणून माणूस आपला नाही असं म्हणू नका, बाकी घर जुळतंय का ते बघा.

घर सापडलं की वरची दोन आणि खालची दोन पानं वाचायची. बायकोचे भाऊ, नवऱ्याची विधवा आई, एकाच गावातून आलेले ओळखीचे, सगळे चार घरांच्या अंतरावर राहायचे. पुढच्या दशकात आपलं माणूस सापडलं नाही तर त्या शेजाऱ्याला शोधा, बरेचदा आपलं माणूस त्याच रस्त्यावर चुकीच्या स्पेलिंगने बसलेलं असतं. घरात नसेल तर नोकरीच्या घरी, बोटीवर, बराकीत, हॉस्पिटलमध्ये, तुरुंगात बघा. इंग्लंडच्या वेड्यांच्या इस्पितळांच्या आणि तुरुंगांच्या याद्यांमध्ये कधीकधी नुसती आद्याक्षरं असतात, तिथे वय आणि जन्मगाव यावरूनच ओळखावं लागतं.

वाचताना अक्षराचा त्रास होणारच. जुन्या अक्षरात दोन एस एकापाठोपाठ आले की पहिला लांबडा असतो आणि पी किंवा एफ सारखा दिसतो. एल आणि एस, टी आणि एफ, यू आणि एन हे नेहमीचे घोळ. 'डीओ' दिसलं तर ते कोणाचं नाव नाही, वरच्यासारखंच असा अर्थ. इंग्लंडच्या पानांवर 'एजी लॅब' म्हणजे शेतमजूर, ही बहुतेकांच्या पूर्वजांची नोकरी. अडलं तर त्याच पानावर त्याच कारकुनाने लिहिलेला एखादा ओळखीचा शब्द शोधायचा, गावाचं नाव वगैरे, आणि त्यातली अक्षरं आपल्या नावाशी ताडून बघायची.

सापडलेलं पान लगेच डाउनलोड करा, लिंक ठेवून भागत नाही, सबस्क्रिप्शन संपलं की लिंकही गेली. फाइलच्या नावात वर्ष, जागा, कुटुंबाचं नाव टाका, आणि विभागाचा नंबर, पानाचा नंबर, ओळ लिहून ठेवा. माझ्याकडे सुरुवातीच्या काळातले तीसेक स्क्रीनशॉट आहेत, ज्यात नावं दिसतात पण वर्ष आणि गाव कापलं गेलंय. आता ते कुठले हे मलाच शोधावं लागतंय.

आणि हे वाचून जे विचारणार आहेत की मग भारताचं काय, त्यांच्यासाठी. भारतात पहिली शिरगणती १८७२ ची धरतात, आणि सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. पण लोकांना मिळतात ते अहवाल आणि तक्ते. माणसांच्या नावांचे कागद १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कोणाला बघता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत, आणि इतकी वर्षं झाली की खुले, अशी सोयही त्या कायद्यात नाही. त्यामुळे कोणी पैसे घेऊन १९३१ च्या जनगणनेतली आजोबांची नोंद काढून देतो म्हणाला तर दुरूनच नमस्कार करा. जुने अहवाल मात्र जनगणना कार्यालयाच्या साइटवर आहेत, गावाची माहिती हवी असेल तर १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका बघा, घराण्याचं म्हणाल तर शाळेचं रजिस्टर, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे फेरफार इकडे वळा.

एक वाट मात्र आहे. घरातलं कोणी त्या काळात अमेरिकेला गेलं असेल तर ते तिथल्या शिरगणतीत मिळू शकतं. १९२०, १९३० आणि १९४० मध्ये वंशाच्या रकान्यात भारतातून आलेल्यांसाठी 'हिंदू' असा शब्द होता, धर्म कुठलाही असो, कॅलिफोर्नियातले शीख शेतकरीही त्यातच. पानावर बहुतेक एचआयएन एवढंच लिहिलेलं असतं. नावाची स्पेलिंग इतकी बिघडलेली असते की नावाने शोधणं सोडूनच द्या, जन्मस्थान इंडिया टाका, परगणा टाका, आणि आलेली घरं एकेक करून उघडा.